मदत हवी आहे: पंचवीस किलो द्राक्षं, गच्चीला कुलूप. घरी बेदाणे होतील का?

नमस्कार मंडळी, नाशिकच्या इंदिरानगरहून लिहितोय. परवा सकाळी दिंडोरीकडचा मावसभाऊ भाजीच्या टेम्पोतून आला आणि गेटवर दोन क्रेट द्राक्षं ठेवून गेला. चाळीसेक किलो. बागेचा सौदा झालेला, पण कोरोनाच्या लॉकडाऊनमुळे २५ मार्चला सगळं बंद झालं तसा व्यापारी फोनच उचलेना. माल वेलीवरच मऊ पडायला लागलाय. पैसे घे म्हटलं तर माझ्यावरच चिडला. चहाला वर काही आला नाही, रुमाल नाकावर ओढून तसाच परत गेला.

पंधरा किलो बिल्डिंगमध्ये वाटली. वरच्या काकूंनी दोरीला पिशवी बांधून खाली सोडली, भरून दिली की "ओढते हं" म्हणून वर घेतली. राहिलेल्या पंचवीस किलोंनी फ्रिज अडवलाय, दुधाचं पातेलं ठेवायला जागा नाही. सरबत झालं, कोशिंबीर झाली, काल आईने द्राक्षांची आमटी केली (त्यावर न बोललेलंच बरं). १४ एप्रिलला उघडेल म्हणत होतो, आता ३ मे म्हणतात. तोवर ही टिकायची नाहीत.

बेदाणे करावे म्हणतो. भाऊ डिपिंग ऑइल (वाळवण्याआधी द्राक्षं बुडवायच्या पाण्यात घालतात ते तेल) वापरतो, पण ते आणायला बाहेर पडावं असं काही वाटत नाही. चौकात पोलीस विचारतात कुठे निघालात, त्यांना काय सांगू, बेदाण्याचं तेल आणायला? नुसत्या उकळत्या पाण्यात बुडवून जमतं का, आणि किती वेळ? दुसरी अडचण म्हणजे चेअरमननी गच्चीला कुलूप घातलंय. बाल्कनीत ऊन अकरापर्यंतच. तेवढ्यात वाळतील की बुरशी धरेल?

प्रतिसाद १:
आमची निफाडला बाग आहे. बेदाण्याच्या शेडवर लिटरभर पाण्याला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल घेतो, सालीवरचं मेण त्याने सुटतं आणि पाणी लवकर उडतं. घरी ते नको. मणी देठापासून सोडवा, उकळत्या पाण्यात टाका, साल तडकायला लागली की लगेच चाळणीत. जास्त ठेवलेत तर जाम होईल. एकावर एक न ठेवता सुती कापडावर पसरा. रंग तपकिरी येईल, बाजारासारखा हिरवट नाही. तो सावलीत वाळवल्याने येतो. चार किलोला साधारण एक किलो धरा.

प्रतिसाद २:
बाल्कनीवर विसंबू नका, अर्धी आंबतील. चेअरमनना किलोभर द्राक्षं देऊन बघा. आमच्याकडे कुरडया याच वाटेने गच्चीवर गेल्या.

मूळ लेखक:
दोघांचेही आभार. द्राक्षं घेऊन गेलो, किल्ली मिळाली, सकाळी सात ते अकरा, एकट्यानेच जायचं या अटीवर. म्हणजे बाल्कनीइतकंच ऊन! पहिली पाच किलो आज आईच्या जुन्या नायलॉन साडीखाली घातली, अर्ध्या तासात गांधीलमाश्या हजर. आता रात्री पंख्याखाली ठेवू की तशीच झाकून? आणि आभाळ भरून आलंय, अवकाळीचा काही भरवसा नाही. निफाडकर, जरा लवकर सांगा.