शब्दचर्चा: ‘पेनल्टी डिक्लाइन्ड’ला मराठीत काय म्हणाल?

सातारकर: मुलगा इथे अमेरिकेत शाळेच्या संघातून त्यांचं ते हेल्मेटवालं फुटबॉल खेळतो. बाबा साताऱ्याहून आलेत, त्यांना शुक्रवारी रात्री सामन्याला नेतो आणि शेजारी बसून समालोचन करतो. परवा ‘पेनल्टी डिक्लाइन्ड’चं मी ‘दंड नाकारला’ असं केलं. बाबा म्हणाले, “ज्याने चूक केली त्यानेच दंड नाकारला आणि पंच गप्प बसला? कसला खेळ हा!” योग्य शब्द सुचवा.

शिट्टीवाला: मी इथे शाळांच्या सामन्यांत पंच असतो. आधी एक गाठ सोडवू. आमच्यात फाऊल आणि पेनल्टी एक नव्हेत. फाऊल म्हणजे झालेली आगळीक, पेनल्टी म्हणजे तिची यार्डांत वसुली. आगळीक दिसली की पिवळं फडकं, म्हणजे फ्लॅग, टाकतात. तो टाकणारा पंच धावत मुख्य पंचाकडे येतो (पांढरी टोपी त्याची, बाकीच्यांच्या काळ्या) आणि सांगतो, “होल्डिंग (धरून अडवणं), आक्रमण (चेंडू ज्यांच्याकडे तो संघ), ७२ नंबर, पास सुटायच्या आधी.” बास. काय झालं, कोणत्या संघाकडून, कोणी केलं, तेव्हा चेंडूचं काय चाललं होतं. यार्डांचा हिशेब पांढऱ्या टोपीने करायचा. समोरच्या संघाला दंड हवा की नको ते तोच विचारतो, मग अम्पायर (हा आमच्यातला आणखी एक पंच) यार्ड मोजत चालतो. नवा होतो तेव्हा मी धापा टाकत “दहा यार्ड!” एवढंच ओरडलो होतो. “कोणाचे? कशाबद्दल?” म्हटल्यावर बोबडी वळली. नंबरच बघितला नव्हता.

कोल्हापूरकर: आमच्या शाहू स्टेडियमवर हा घोळच नाही. तोच फाऊल चौकटीबाहेर झाला तर फ्री किक, आत झाला तर पेनल्टी. पेनल्टी म्हटलं की बारा यार्डांवरून एकच लाथ, आणि मग दोन्ही पेठा गप्प.

शब्दवेडी: ‘आगळीक’ झकास. पेनल्टीला ‘शिक्षा’ मात्र नको. शिक्षा माणसाला होते, इथे यार्ड वसूल होतात, म्हणून दंडच बरा. बाबांचा आक्षेपही बरोबर आहे. मराठीत दंड नाकारतो तो भरणारा, आणि इथे नको म्हणतो तो घेणारा. ‘माफ केला’ म्हणावं तर त्यात मोठेपणा येतो.

शिट्टीवाला: मोठेपणा कसला, निव्वळ हिशेब. समजा तिसरा डाउन आहे (डाउन म्हणजे दहा यार्ड पुढे सरकायला मिळणाऱ्या चार संधींपैकी एक), पास खाली पडला आणि आक्रमणाचं होल्डिंगही झालं. दंड घेतला तर ते दहा यार्ड मागे जातात, पण तिसरा डाउन पुन्हा खेळायला मिळतो. घेतला नाही तर थेट चौथा, आणि मग बहुधा चेंडू लाथाडून देऊन टाकावा लागतो. म्हणून शहाणा कोच दंड सोडतो.

शब्दवेडी: हे बघा, तुम्हीच बोलून गेलात. ‘दंड सोडला’! व्याज सोडलं, हिस्सा सोडला, तसं. सोडतो तो हक्कदारच.

सातारकर: वा. आणि दोन्ही संघांनी आगळीक केली, दंड एकमेकांत वळते झाले, तर?

कोल्हापूरकर: फिट्टंफाट. ह्याला कोश उघडायची गरज नाही.

शिट्टीवाला: चालेल, बहुतेक वेळा डाउन पुन्हा खेळतात, सगळं जिथल्या तिथे. आता माझा प्रश्न. पंच आपसात बोलतात, आगळीक नव्हतीच असं ठरतं, मग ‘फ्लॅग पिक्ड अप’. मराठीत ‘झेंडी उचलली’ म्हटलं तर उलटंच वाटतं, जणू इशारा केला.

शब्दवेडी: मुळात झेंडीच म्हणू नका. झेंडी दाखवायची असते. हा तर रुमाल, एसटीत जागा धरायला खिडकीतून टाकतो तसा. ‘रुमाल टाकला’, ‘रुमाल परत घेतला’.

शिट्टीवाला: एसटीची उपमा तुम्हाला वाटते त्याहून नेमकी आहे. जिथे आगळीकीची जागा महत्त्वाची, तिथे रुमाल त्या जागेवरच टाकायचा, कारण पुढे मोजणी तिथून होऊ शकते. आगळीक नाही पण जागा लक्षात ठेवायची आहे, उदाहरणार्थ चेंडू हातातून कुठे निसटला, तर त्यासाठी कमरेला वेगळी छोटी दाण्यांची पिशवी असते. तीही अशीच टाकतात.

सातारकर: काल सामन्यात सगळे शब्द वापरले. रुमाल लगेच पटला. पण पुढे पांढऱ्या टोपीने दोन्ही हात कमरेसमोर आडवे फिरवले, मी म्हणालो “दंड सोडला”, तर बाबा म्हणतात, “मघाशी हीच खूण केली तेव्हा तू पास पडला म्हणालास.”

शिट्टीवाला: खूण एकच आहे दोन्हीला. त्याआधी त्याने आगळीकीची खूण करून चुकलेल्या संघाकडे हात दाखवला का, तेवढं बघायला सांगा.