कमी दिवसांच्या बाळांसाठी वर्गणी: वॉर्मर द्यावा की आईची सोय करावी?

तापीकाठ (जळगाव): आमच्या मंडळाने यंदा डीजे बंद करून ती वर्गणी कमी दिवसांच्या बाळांसाठी द्यायचं ठरवलंय. बहुतेकांना सरकारी दवाखान्याला वॉर्मर, म्हणजे बाळाला ऊब देणारं यंत्र, द्यायचाय. माझा विरोध आहे. उघड्या छातीशी बाळ धरायची कांगारू पद्धत 1978 साली कोलंबियातल्या बोगोटात सुरू झाली, तीच मुळी इन्क्युबेटर अपुरे पडत होते म्हणून. आज जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 8 ते 24 तास बाळ असं धरायला सांगते. पण आईला तिथे राहता तर आलं पाहिजे! सरकारच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात तिला जेवण मिळतं ते साध्या बाळंतपणाला 3 दिवस, सिझेरियनला 7. दीड किलोचं बाळ आठवडेच्या आठवडे नवजात कक्षात असतं. ओली बाळंतीण व्हरांड्यात सतरंजीवर, गावाहून डबा आला तर जेवणार. तिला दूध कुठून येणार? खाट, दोन वेळचं गरम जेवण, घरच्यांचं येण्या-जाण्याचं भाडं यावर पैसा लावा.

माजी सिस्टर (धुळे): दादा, एका वॉर्मरवर दोन-दोन बाळं मी सांभाळली आहेत. एकाचा जंतुसंसर्ग दुसऱ्याला लागतो. श्वास थांबणाऱ्या किलोभराच्या बाळाला सीपॅप (नाकातून दाबाने हवा देऊन श्वास चालू ठेवणारं यंत्र) लागतो, नुसत्या उबेने भागत नाही. यंत्राला नाही म्हणू नका.

हिशेबनीस (भुसावळ): मुळात हे सरकारचं काम. आपण देत गेलो की तेवढी मागणी थंडावते. आणि यंत्र दिल्यावर त्याचं वायरिंग, दुरुस्ती कोण बघणार? जानेवारी 2021 मध्ये भंडाऱ्याच्या नवजात कक्षाला आग लागून 10 बाळं गेली, ते विसरलात का?

सातपुडा (धडगाव): भाऊ, सरकारचंच काम आहे, कबूल. पण पाड्यावरून झोळीत घालून बाई रस्त्याला आणतात, तेव्हा पौषातल्या थंडीत बाळ वाटेतच गार पडतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, मृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचं 1999 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. हे काम संस्थेनेच आधी करून दाखवलं ना?

माझं मागणं वेगळंच आहे. दोन किलोच्या आतल्या बाळाचे डोळे महिन्याच्या आत तपासावे लागतात. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढल्या तर लेसरने वाचवता येतं, उशीर झाला तर पडदा सुटतो आणि बाळ कायमचं आंधळं होतं. दवाखान्यातून सुटी झाली की आमच्याकडचं कुटुंब ऊसतोडीला गुजरातेत जातं, फोन बंद. पोरगं वाचलं पण दिसत नाही, असं घर मी पाहिलंय. तपासणीला येण्या-जाण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी द्या.

माजी सिस्टर (धुळे): डोळ्यांचं अगदी खरं. कागदावर तारीख लिहून दिली तरी निम्मी तरी परत येत नसत. तरी वॉर्मरवर मी ठाम आहे.

हिशेबनीस (भुसावळ): भाडं द्यायला माझी हरकत नाही, पण पुढच्या वर्षी वर्गणी आटली तर?

तापीकाठ (जळगाव): तर दुकानदारांकडून महिन्याला थोडं-थोडं घेऊ. मजुरीचा मुद्दा रविवारच्या बैठकीत मांडतो. सातपुडाभाऊ, तिकडच्या आशाताईंना विचारून ठेवा, सध्या किती बाळं तपासणीची राहिलीत.