ठाणे खाडीसाठी बास बोट?
ऐरोली-वाशी पट्ट्यात जिताडा मासा धरायला १८ फुटी फायबर बास बोट (बास मासा गळाने धरायची बोट) घ्यावी की १४ फुटी सपाट तळाची अ‍ॅल्युमिनियमची, असं कुणीतरी विचारलंय. डोळे झाकून दुसरी घ्या. बास बोट तलावासाठी घडवलेली. कडा बुटक्या, त्यामुळे ओहोटीचं पाणी आणि नैऋत्येचा वारा समोरासमोर आले की लाट थेट आत. शिवाय जड. चिखलावर बसली तर पुढच्या भरतीपर्यंत तुम्हीही तिथेच, डासांसोबत. सपाट बोट लाटेवर आपटते, तेवढं सोसावं लागतं.

ट्रान्समची, म्हणजे इंजिन जिथे अडकवतात त्या मागच्या फळीची, उंची मोजूनच इंजिन घ्या: १५ इंचाला शॉर्ट शाफ्ट (आखूड दांड्याचं), २० ला लाँग. इंजिन गंजू नये म्हणून त्याऐवजी झिजणारा धातूचा तुकडा, म्हणजे अ‍ॅनोड, मॅग्नेशियमचा असेल तर काढा, खाऱ्या पाण्यात तो भराभर झिजतो, अ‍ॅल्युमिनियमचा लावा. आणि प्रत्येक फेरीनंतर इंजिन गोड्या पाण्यावर चालवा, नाहीतर कूलिंगच्या वाटा मिठाने तुंबतात.