एक दिवस ७.५, एक दिवस ५: खांदा दुखतोय तो पीएमआर उलटला म्हणून, की नारळ खवले म्हणून?

आजी_खेर्डी

नमस्कार मंडळी. वय ६८, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त शिक्षिका, राहणार चिपळूणजवळ. पॉलिमायाल्जिया ऱ्हुमॅटिका, म्हणजे पीएमआर, खांदे-मांड्या आखडवणारा सुजेचा आजार, झालेलं इथे कुणी आहे का? आमच्या तालुक्यात तरी मला दुसरं कुणी भेटलेलं नाही.

माझं थोडक्यात सांगते. गेल्या वर्षी आगोटीच्या सुमारास दोन्ही खांदे आणि दोन्ही मांड्या एकदमच धरल्या. पहाटे कुशीवर वळता येईना. ह्यांनी पाठीखाली हात घातला की मी उठायची. वेणी घालायला हात डोक्यापर्यंत पोचत नसे, कमोडवरून उठताना नळ धरावा लागे. दहा वाजले की जरा मोकळी व्हायची, आणि संध्याकाळी येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचं, या बाईला झालंय तरी काय! चिकुनगुन्या, ड जीवनसत्त्व, मानेचे मणके, सगळं म्हणून झालं. शेवटी पुण्याला संधिवाततज्ज्ञांनी ओळखलं. अंगातली सूज दाखवणारे रक्ताचे आकडे, ईएसआर ८२, सीआरपी ४८. प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टिरॉइडची गोळी, १५ मिलिग्रॅम, सकाळी न्याहारीनंतर. दोन-तीन दिवसांत माझी वेणी मी घातली. ह्यांना तर जादूच वाटली.

मग उतरवत आणलं. १५, १२.५, १०, त्यानंतर अगदी सावकाश. आता ७.५ वरून खाली येताना ‘एक दिवस ७.५, एक दिवस ५’ असं दिलंय. कालनिर्णयवर पाचाच्या दिवसाला मी गोल करते. हे सुरू झालं गणपतीच्या तोंडावर. गणपतीत घरभर माणसं, आणि मोदकांसाठी नारळ खवायला मी. सून म्हणाली मिक्सरमधून काढू. पण मिक्सरचं खोबरं मोदकात चांगलं लागत नाही, हे माझं मत आजही कायम आहे.

आता काय होतंय ते. उजवा खांदा दुखतो, रात्री त्या कुशीवर झोपवत नाही, मागे हात नेऊन हूक लावताना कळ येते. डावा चांगला आहे. शिवाय डोस उतरल्यापासून अंग मोडून आल्यासारखं वाटतं. पोटऱ्या, मनगटं, पाठ, सगळीकडे थोडं थोडं. डावा गुडघा जिन्यावर बोलतो, पण तो जुना सोबती. सकाळी माझी मी उठते. चहा होईपर्यंत अंग आखडलेलं असतं, मग सुटतं.

रक्त तपासलं. ईएसआर ३६, सीआरपी ०.९. डॉक्टरांची वेळ पुढच्या महिन्यातली. जाऊबाई म्हणतात, "दोन दिवस दहा घेऊन बघ. थांबलं तर समज की तोच आहे." घेऊन बघू का? साखरेसाठी मेटफॉर्मिनही चालू आहे.


निसर्ग_हाच_वैद्य

आजी, स्टिरॉइड म्हणजे विष. आजच बंद करा. निर्गुंडीचं तेल कोमट करून चोळा आणि सकाळी ओल्या हळदीचा रस घ्या. माझ्या मामांचं महिन्यात थांबलं.


दवाखाना_सांगली

बाई, तेल चोळायचं तर खुशाल चोळा. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, कुणीही कितीही छातीठोकपणे सांगितलं तरी. इतके महिने बाहेरून स्टिरॉइड मिळाल्यावर मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचं आपलं स्टिरॉइड, बनवणं जवळजवळ सोडून देतात. गोळी एकदम थांबली तर रक्तदाब कोसळू शकतो, आणि यात माणसं दगावतात. मामांना नेमकं काय झालं होतं ते मला माहीत नाही, पण या बाईंना काय झालंय ते त्यांनी लिहिलंय.

आत्ता पेशंट बसलेत. रात्री सविस्तर लिहितो.


लेस्टरचे_नाना

ताई, मी ७४ वर्षांचा, मूळचा कऱ्हाडचा, सध्या मुलाकडे लेस्टरला. पीएमआरशी जुनी ओळख आहे. इकडे गोऱ्या म्हाताऱ्यांत हा आजार पुष्कळ, त्यामुळे साध्या फॅमिली डॉक्टरनेही मला चटकन ओळखलं, तुमच्यासारखे हाल झाले नाहीत.

जाऊबाई वडीलधाऱ्या असतील, त्यांना काही बोलू नका, पण तो प्रयोग फसवा आहे. दहा घेतल्यावर पीएमआर थांबेल, तसा खवणीवर शिणलेला खांदाही थांबेल, गुडघाही गप्प बसेल आणि मोडून आलेलं अंगही सुधारेल. सूज कसलीही असो, स्टिरॉइड ती दाबतंच. मग कळलं काय? काही नाही. मेहनतीने उतरवलेलं मात्र परत चढलं. वर तुमची साखर. सकाळी गोळी घेतली की ती दुपारच्या जेवणानंतर आणि संध्याकाळी वाढते, उपाशीपोटीची चांगली दिसते, आणि माणूस गाफील राहतो. जेवणानंतरची मोजता का?

किती दुखतंय यावर मी भरवसा ठेवत नाही. माझ्या अंगठ्याच्या बुडाचा सांधा पीएमआरपेक्षा जास्त ठणकतो, आणि तो निव्वळ झिजेचा आहे. १५ आणि १० वर असताना तो कधी दुखलाच नाही. मला वाटलं बरा झाला. बरा कसला, झाकलेला होता. डोस खाली आला तसा तो आपला हिशोब मागायला परत आला. तुमच्या गुडघ्याचंही तेच होईल, त्याला घाबरू नका.

मी बघतो ते कुठे दुखतंय आणि किती वाजता. माझा उलटला तेव्हा सुरुवात एकट्या डाव्या खांद्याला झाली होती, म्हणून ‘एकाच बाजूला आहे’ एवढ्यावर निर्धास्त राहू नका. पण पंधरवड्यात उजवा आला, मग मांड्या आल्या. आणि सकाळचा आखडलेला वेळ लांबत गेला. आधी दाढी होईपर्यंत, मग पेपर वाचून होईपर्यंत, मग थेट अकरापर्यंत. तो असा दर आठवड्याला थोडी जागा वाढवत येतो. डोस उतरल्यामुळे होणाऱ्या अंगदुखीची चाल वेगळी. गोळी कमी केल्यावर काही दिवसांत येते, सगळीकडे पसरते, खांदे-मांड्या धरून बसत नाही, आणि बहुतेक वेळा दोनेक आठवड्यांत आपली आपण ओसरते. मनगटं, पोटऱ्या, पाठ म्हणता तुम्ही. मला ते तसलं वाटतं. पण मी डॉक्टर नाही, मी नुसता जुना पेशंट.

आणखी एक बघा. कामाने दुखावलेला खांदा काम केलं की दुखतो, ठेवला की बरा असतो. पीएमआरला बसणं सोसत नाही. दुपारी तासभर टीव्हीसमोर बसा आणि उठा. उठताना दोन्ही मांड्या लाकडासारख्या झाल्या असतील तर कान टवकारा.

कालनिर्णयवर गोल करताच आहात, तर त्याच चौकोनात सकाळी किती वाजता अंग मोकळं झालं तेही लिहा. पाचाच्या गोळीनंतरची सकाळ आणि साडेसातानंतरची सकाळ यांत फरक दिसतोय का, हे तुमच्या डॉक्टरांना तोंडी वर्णनापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

माझा खरोखर उलटला तेव्हा मला कुणी १५ वर नेलं नाही. ज्या डोसवर ठीक होतो त्यावर परत नेलं, तिथे स्थिरावू दिलं, आणि नंतर पुन्हा हळू उतरवलं. तेही डॉक्टरांनी सांगितल्यावर.


बाबांची_मुलगी

आजी, माझ्या बाबांनाही पीएमआर आहे, नाशिकला. पॅरासिटामॉल सोडून दुसरी वेदनाशामक गोळी दुकानातून आणून घेऊ नका. स्टिरॉइडबरोबर आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक असलं काही घेतलं तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. औषधाच्या दुकानात ‘खांदा दुखतोय’ म्हटलं की तेच हातात ठेवतात.


दवाखाना_सांगली

बाई, आता बसलो निवांत. नानांनी माझं निम्मं काम केलंय.

पहिलं, तो ०.९ कशात आहे? कागदावर आकड्यापुढचं एकक वाचा. काही लॅब सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटर देतात, काही प्रति डेसिलिटर. पूर्वीचे ४८ प्रति लिटरच असणार. आत्ताचे ०.९ प्रति डेसिलिटर असतील तर ते ९ झाले, म्हणजे किंचित वर. प्रति लिटर असतील तर उत्तम. ‘४८ चे ०.९ झाले’ म्हणून पेढे वाटण्याआधी हे बघाच. ईएसआर वयानुसार चढतो. बायकांसाठी एक ढोबळ हिशोब आहे: वयात १० मिळवा आणि निम्मे करा. तुमचे ३९ येतात, म्हणून ३६ ला मी दचकणार नाही. रक्त कमी असलं, लघवीला जंतुसंसर्ग असला तरी हे आकडे हलतात. उलट गोळी चालू असताना आकडे चांगले आणि पीएमआर परत आलेला, असंही कधी कधी दिसतं. आकड्यांनी निकाल लागत नाही, आधार मिळतो.

तुमच्या उजव्या खांद्यासाठी घरी एक करून बघा. कोपर बरगडीला चिकटवून काटकोनात ठेवा आणि पंजा बाहेरच्या बाजूला फिरवा. डाव्याइतका फिरत नसेल, आणि ह्यांनी हलक्या हाताने फिरवला तरी अडत असेल, तर खांदा गोठतोय. मधुमेहींना हे जास्त होतं. तसा अडत नसेल, पण हात बाजूने वर नेताना मध्येच एका टप्प्यावर कळ येऊन पुढे बरं वाटत असेल, तर स्नायूच्या दोरीची दुखापत. खवणीवरचं काम बघता माझा अंदाज याच्याकडे जातो, पण न तपासता बोललेला अंदाज तो अंदाजच.

नाव जरी स्नायूंचं असलं तरी पीएमआरमध्ये सूज असते ती खांद्या-खुब्याच्या सांध्यांभोवती, तिथल्या पाण्याच्या पिशव्यांत. म्हणून शंका असेल तर दोन्ही खांद्यांची सोनोग्राफी बरंच सांगून जाते.

आता जे पीएमआरही नाही आणि शिणही नाही, ते. दुखत काहीच नाही, पण खुर्चीतून उठताना मांड्यांत जोरच नाही, असं झालं तर ते स्टिरॉइडने स्नायू अशक्त होणं असू शकतं. तिथे गोळी वाढवली तर आणखी बिघडतं. पाठीत एकाच जागी अचानक जोराची कळ आली, घागर उचलताना किंवा नुसती शिंकताना, तर मणका दबलाय का ते एक्स-रेमध्ये बघावं लागतं. जांघेत दुखून लंगडायला झालं तर खुब्याच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तपासावा लागतो. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाडांसाठीची गोळी चालू आहे ना?

आणि हे मात्र ठळक अक्षरांत समजा. कानशिलाजवळ नव्याने डोकं दुखणं, फणी लागली तरी टाळू हुळहुळणं, भाकरी चावताना जबडा भरून येणं, एक वस्तू दोन दिसणं, डोळ्यापुढे पडदा आल्यासारखं होणं. पीएमआरच्या काही पेशंटना डोक्याच्या धमन्यांचा दाह होतो, त्याची ही लक्षणं. यांतलं काहीही झालं तर पुढच्या महिन्याच्या वेळेची वाट बघायची नाही, रात्र असली तरी त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठायचं. गेलेली नजर सहसा परत येत नाही.

पावसाळा अजून संपलेला नाही आणि तुम्ही कोकणात आहात. अंग मोडून आलंय आणि ताप आहे, तर डोसचा विचार नंतर, आधी डेंगी आणि लेप्टो तपासा. स्टिरॉइडने ताप दबूनही राहतो. तापात गोळी चुकवायची नाही. उलट वाढवावी लागते का ते डॉक्टरांना विचारायचं. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर त्याच दिवशी इंजेक्शन लागू शकतं.


आजी_खेर्डी

डॉक्टर, नाना आणि नाशिकच्या लेकी, तिघांचेही आभार. जाऊबाईंना ‘घेतली नाही’ एवढंच सांगितलं, त्या थोड्या रुसल्या आहेत.

कागद काढला. मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर! म्हणजे ९. ह्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. ताप नाही, डोकं दुखत नाही, भाकरी चावता येते. हाडांची गोळी दर सोमवारी आहे. पुण्याला फोन करून हे सगळं सांगितलं, कालनिर्णयच्या पानाचा फोटो पाठवला, तर त्यांनी लवकर बोलावून घेतलं.

दोन्ही खांद्यांची सोनोग्राफी झाली. पाण्याच्या पिशव्या दोन्हीकडे कोरड्या. उजव्याची वरची दोरी सुजलेली आहे. तुमचा पंजा फिरवायचा प्रकार त्यांनीही करायला लावला, फिरला. मोकळं होण्याची वेळ पाचाच्या गोळीनंतर आणि साडेसातानंतर सारखीच निघाली, आणि अंग मोडून येणं तोवर बरंचसं गेलंही होतं. पीएमआर उलटलेला नाही म्हणाले, पण ९ आहे म्हणून घाई नको, आणखी महिनाभर ७.५-५ असंच चालू द्या, रक्त परत बघू. खांद्याला पॅरासिटामॉल, बर्फ आणि वाकून हात लोंबकळता ठेवून झुलवायचा व्यायाम. नाना, जेवणानंतरची साखर २३८ निघाली. ते औषध बदललंय.

पुढे पाचाच्या खाली जाताना सकाळचं कॉर्टिसोल तपासू म्हणालेत. त्या दिवशी गोळी घ्यायची की नाही हे विचारायचं राहिलं. नाना, तुमचं कसं केलं होतं?


लेस्टरचे_नाना

माझं रक्त सकाळी नवाच्या आत घेतलं होतं. आदल्या सकाळची गोळी नेहमीसारखी घेतली, त्या दिवशीची रक्त दिल्यावर. प्रेडनिसोलोन अंगात असलं तर तपासणी त्यालाही कॉर्टिसोल समजून आकडा फुगवते, म्हणून मध्ये चोवीस तास जाऊ द्यायचे. पण गोळी आणि डबा बरोबर घेऊन जा, म्हणजे सुई निघाली की तिथेच खाऊन गोळी घेता येईल. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं तर त्यांचंच ऐका. २३८ म्हणजे माझ्यापेक्षा वर आहात ताई, मोदक जपून.