वडिलांचं जुनं डिझेल इंजिन घरच्या बॅकअपसाठी बसवायचंय, सल्ला हवा

धायरीकर:
नमस्कार मंडळी. गावाकडे विहिरीवर वडिलांनी बसवलेलं किर्लोस्करचं ५ एचपी, १५०० आरपीएमचं इंजिन आहे. मागे वीज तयार करणारा ३ केव्हीएचा सिंगल फेज अल्टरनेटर. अकरा वर्षं बंद आहे, पण हँडल मारलं की फिरतं. पुण्यात धायरीत आमचं बैठं घर. आईला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं यंत्र) लागतो. इन्व्हर्टरला १५० एएचची एकच बॅटरी. मागच्या पावसाळ्यात रात्रभर वीज नव्हती, बॅटरी तीन तासांत बसली आणि पहाटे आईला घेऊन हॉस्पिटल गाठावं लागलं. आता गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली तरी जीव टांगणीला लागतो. हे इंजिन आणू का? आधी काय तपासू?

रिवाइंडिंगवाला:
दादा, जरूर आणा. पण इंजिनाआधी अल्टरनेटर बघा. अकरा पावसाळे शेडमध्ये काढलेत, वाइंडिंगने ओल धरली असणार. एव्हीआर (व्होल्टेज सांभाळणारं कार्ड) किंवा डायोड असतील तर सोडवून ठेवा आणि ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं मीटर, लावा. १ मेगोहमच्या खाली दाखवलं तर चालू करायचं नाही. कव्हर उघडून १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब आत दोन दिवस पेटता ठेवा, मग परत मोजा. बऱ्याचदा एवढ्यावर भागतं, रिवाइंडिंगचा खर्च वाचतो.

इंजिन सुरू होऊनही मीटरवर चार-पाच व्होल्टच दिसले तर अल्टरनेटर जळला असं समजू नका. पडून पडून त्यातलं चुंबकत्व गेलेलं असतं. जाणता वायरमन १२ व्होल्टच्या बॅटरीने फिल्डला (चुंबक तयार करणाऱ्या वाइंडिंगला) क्षणभर सप्लाय देऊन ते परत आणतो.

जुनं डिझेल सगळं काढून टाका, फिल्टर आणि ऑइल नवं घाला, पाइपातली एअर काढा. पहिल्यांदा सुरू करताना एअर क्लीनर काढून जाड फळी हाताशी ठेवा. डिझेल पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) अडकला तर इंजिन सुसाट सुटतं, लीव्हरला दाद देत नाही. तेव्हा हवेचं तोंड फळीने दाबून बंद करायचं, हाताने नाही. स्पीड असा लावा की रिकाम्यावर ५२ हर्ट्झ आणि लोडवर ५० च्या आसपास येईल.

आणि कळकळीने सांगतो, दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर सॉकेटमध्ये खुपसून घरात वीज सोडू नका. तीच वीज उलटी खांबावर जाते, ट्रान्सफॉर्मर तिचे हजारो व्होल्ट करतो, आणि लाइन बंद आहे म्हणून वर लाइनमन चढलेला असतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा दोन पोलचा चेंजओव्हर स्विच (घर एकतर लाइनला किंवा जनरेटरला जोडणारा) तपकीर गल्लीत सहज मिळेल. तो आणि अर्थिंग झाल्याशिवाय इंजिन घराला जोडूच नका.

धायरीकर:
कॉन्सन्ट्रेटर जनरेटरवर थेट लावू? रात्रभर चालवलं तर चालेल?

रिवाइंडिंगवाला:
थेट नको. पाण्याचा पंप सुरू होताना व्होल्टेज खाली बसतं, म्हणून कॉन्सन्ट्रेटर इन्व्हर्टरवरच ठेवा आणि इन्व्हर्टरला जनरेटरची वीज द्या. कॉन्सन्ट्रेटर साडेतीनशे वॅटच्या आसपास ओढतो. एवढ्याशा लोडवर रात्रभर चालवलं तर डिझेल पूर्ण जळत नाही, सायलेन्सरमधून काळं तेल गळायला लागतं. फ्रिज, पंखेही जनरेटरवर घ्या, आणि बंद करण्याआधी वीस मिनिटं २ किलोवॅटचा गीझर लावा. तेव्हा पाण्याचा पंप लावू नका.

दुसरं, एक-दोन तास चालवून बॅटरी भरून घेऊ, असं गणित करू नका. घरगुती इन्व्हर्टर साधारण १५ अँपियरने चार्ज करतो, १५० एएच भरायला दहा तास सहज लागतात. त्यापेक्षा दुसरी बॅटरी जोडता येईल असा इन्व्हर्टर बघा.

सिंहगड रोड:
माझा आग्रह जागेबद्दल. इंजिन पोर्चमध्ये किंवा आईच्या खिडकीखाली नको. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि कॉन्सन्ट्रेटर खोलीतलीच हवा ओढतो. आवाजाचंही बघा. नव्या जनरेटर सेटला कॅनोपीबाहेर (आवाज अडवणाऱ्या पेटीबाहेर) एक मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा आहे, उघडं इंजिन त्याच्या वर जाणार. रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ आहे. शेजाऱ्यांशी आधीच बोला, आईंचं कारण सांगा. आणि इंजिन बसेपर्यंत भरलेला ऑक्सिजन सिलिंडर रेग्युलेटरसकट घरात ठेवा. बसल्यावरही ठेवा.

धायरीकर:
सिलिंडर त्याच दिवशी आणला. रविवारी मेगर घेऊन गावी गेलो, ०.४ दाखवलं. बल्ब लावून आलो. आज भावाने परत मोजलं, ३ मेगोहम. पुढच्या आठवड्यात टेम्पो सांगतोय, त्याआधी चेंजओव्हर बसवून घेतो.