आडवी बाटली पडली तर पुढे काय?

द्राक्षबागवाली: दिंडोरी तालुक्यातलं आमचं गाव. देशी दारूचं दुकान हटवायला बायकांचं मतदान मागतोय (मतपत्रिकेवर आडवी बाटली म्हणजे दुकान बंद), त्यासाठी सह्या चालल्यात, मीही केली. पण बैठकीत जो तो म्हणतो, 'दुकान गेलं की माणसं सुटली.' ते मला पटत नाही.

माझ्या वडिलांनी एका आषाढीला माळ घातली आणि त्याच दिवशी दारू सोडली. आईने उपवासाचं गोडधोड केलं. दुसऱ्या दिवशी चहाची बशी हातात धरवेना, निम्मा चहा धोतरावर. तिसऱ्या रात्री भिंतीवरच्या मुंग्या झटकत बसले. मुंगी एकही नव्हती. घरच्यांना वाटलं बाहेरचं काही लागलं, भगताला बोलावलं. पहाटे फिट आली तेव्हा कुठे नाशिकला नेलं. डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू अशी एकदम तोडली तर जीवही जातो, औषधावर उतरवावी लागते.

दुकानाला कुलूप लागेल त्या आठवड्यात गावात असे दहा-बारा जण निघतील. त्यांचं काय करायचं, हे आधी ठरवा.

पंचवटीकर: म्हणूनच म्हणतो, बंदीच नको. चंद्रपुरात २०१५ ला केली, २०२१ ला सरकारनेच उठवली. दुकान हटलं की माल ढाब्यामागे मिळतो, तोही दुप्पट भावाने. भुर्दंड पुन्हा घरालाच.

निफाडची_सून: दादा, ढाबा आमच्यापासून पाच किलोमीटर. अट्टल पिणारा जाईल, मान्य. पण दुकान शाळेच्या वाटेवर आहे. दहावीतली पोरं येता-जाता बघतात, त्यांच्यासाठी पाच किलोमीटर पुष्कळ झाले. आणि शनिवारी मजुरी वाटली की गडी घरी यायच्या आधी दुकान लागतं. हे एकदा बघायला या.

सातपूर_सेकंडशिफ्ट: परवान्याच्या दुकानावरच सगळे तुटून पडतात. एमडीचं, म्हणजे मेफेड्रोन या नशेच्या पावडरीचं, दुकान कुठे आहे? ऑक्टोबर २०२३ मध्ये शिंदे गावात मुंबई पोलिसांनी अख्खा कारखाना पकडला, आपल्या नाशिकरोडच्या पलीकडे! एमडीला तोंडाचा वास नाही. पोरगा दोन-दोन रात्री झोपत नाही, जेवत नाही, आईबापाला वाटतं अभ्यासाचं टेन्शन.

पंचवटीकर: हेच तर! बंदी असलेली वस्तू बिनबोभाट मिळते. उद्या वाइनवरही घसराल. ती द्राक्षाची आहे, शेतकऱ्याचं पोट आहे त्यावर.

सातपूर_सेकंडशिफ्ट: पोट आहे, खरं. पण हिशेब करा. १२ टक्क्यांची वाइन १०० मिली घेतली तर १२ मिली अल्कोहोल. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा ३० मिलीचा पेग, तर जवळपास १३. यकृताला काच आणि प्लास्टिकचा ग्लास ओळखू येत नाही. गंगापूर धरणाकाठच्या वायनरीत प्यायली की पर्यटन, गुत्त्यावर प्यायली की व्यसन!

द्राक्षबागवाली: भाऊ, वाइनचा वेगळा धागा काढा, इथे नको. पंचवटीकर, भाव दुप्पट होईल हे तुमचं खरं, पण म्हणून दुकान शाळेजवळच राहू द्यायचं का?

आमची अडचण वेगळीच आहे. नुसत्या झालेल्या मतदानाच्या निम्मी मतं चालत नाहीत, गावातल्या महिला मतदार यादीच्या निम्म्याहून जास्त लागतात. जी आली नाही, तिचं मत दुकानाच्याच बाजूने गेल्यासारखं. द्राक्षाच्या गोडी छाटणीनंतर (फळासाठीची छाटणी) मणी विरळणीला निम्म्या बाया दिवस उजाडायच्या आत बागेत असतात. तारीख तेव्हाची पडली तर संपलंच. म्हणून सह्यांच्या कागदासोबत दोन अर्ज द्यायचं ठरवलंय. एक तारखेसाठी तहसीलदारांना, दुसरा दारू तुटणाऱ्यांच्या उपचारांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्राला. दुसऱ्याचा मसुदा मी लिहितेय. हे उपचार कुणी जवळून पाहिले असतील तर सांगा, किती दिवस दाखल ठेवतात?