यात्रेच्या स्मरणिकेसाठी गावचा इतिहास कुठून काढायचा?

मार्कंडेयकाठ:
नमस्कार मंडळी. गाव बेळगाव तालुक्यातलं, मार्कंडेय नदीच्या काठचं, दोन-अडीचशे उंबऱ्यांचं. पुढच्या वर्षी आमची लक्ष्मी यात्रा आहे, बऱ्याच वर्षांनी. पंच कमिटीनं स्मरणिका काढायचं ठरवलं आणि ‘गावचा इतिहास’ माझ्या गळ्यात मारला. कारण काय, तर मी पुण्यात नोकरीला आहे आणि मला मराठी टाइप करता येतं! आतापर्यंत हाती लागलंय ते एवढंच, की शिवाजी महाराज इथून गेले होते. ते तर आजूबाजूची सगळीच गावं सांगतात. १८८४ चं गॅझेटिअर चाळलं. त्यात हलशी आहे, नंदगड आहे, आमचं नावही नाही. सुरुवात कुठून करू?

जुना मास्तर:
बाळा, हिरमुसू नकोस. हलशी कदंब राजांची, तिथले ताम्रपट फ्लीट नावाच्या इंग्रज अभ्यासकानं छापले. आपल्या गावांना ताम्रपट कोण देणार? तू यात्रेची जुनी हिशेबाची वही शोध. कुणातरी पंचाच्या माळ्यावर ट्रंकेत असतेच.

आमच्याकडं सापडली तिची सुरुवातीची पानं मोडीत, पुढची बाळबोध. यात्रेची घरटी पट्टी म्हणजे वर्गणी किती, कुणाची थकली, रथाला लाकूड कुणाच्या बांधावरचं, सगळं त्यात. एका पानावर ‘तेल, रथाचे आखास’ असा खर्च, त्याखाली दोन अंगठे आणि शेजारी कुळकर्ण्याच्या हातची नावं. त्यातलं एक घराणं गावात कुणालाच आठवेना. विचारत विचारत गेलो तर चंदगडला निघालं. चंदगड १९५६ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात की. १ नोव्हेंबरला ते मुंबई राज्यात राहिलं, आपण म्हैसूरला गेलो. सोयरिकी अजून तिकडंच होतात म्हणा.

मग हक्क बघ. पहिली ओटी कुणाची, गाऱ्हाणं कोण घालतो, देवीला गदगेवर, म्हणजे यात्रेतल्या तिच्या आसनावर, कोण बसवतो. आमच्यात रथाला पहिला हात बडिगेरांचा, म्हणजे सुतारांचा. का, ते विचारलं की घराण्याची अख्खी हकीकत बाहेर येते. गाव कसं वसलं, कोण आधी आलं, कोण मागून, हे त्या हक्कांतच आहे.

कागदपत्रं म्हणशील तर दोन. मराठी शाळेचं जनरल रजिस्टर, एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या देखरेख समितीच्या, अध्यक्षाला घेऊन जा म्हणजे दाखवतील. आणि जमीन सुधारणा कायद्यातल्या १९७४ च्या दुरुस्तीनंतर कुळांनी जमीन नावावर व्हावी म्हणून भरलेले फॉर्म नंबर सात. त्यावर जमीन ट्रायब्युनलनं दिलेल्या निकालाच्या नकला लोकांनी देव्हाऱ्यात जपल्यात. कोण कुणाची जमीन कसत होतं ते तिथं कळतं.

बाळेकुंद्रीची लेक:
मास्तर, सगळं पुरुषांचंच सांगितलंत! यात्रेआधी वार पाळणूक असते, मंगळवार-शुक्रवार शेतात पाय टाकायचा नाही. त्या दिवसांत बायका काय करायच्या विचारा. आमची आज्जी पाहुण्यांसाठी वाकळा शिवायची. कुठल्या लेकीच्या लुगड्याचा तुकडा कुठं लागलाय ते बोट ठेवून सांगायची, आणि कुठली लेक कुठल्या गावी दिली तेही. तेवढ्यावर गावच्या सोयरिकींचा नकाशा होईल.

आणि गावात कन्नड बोलणारी घरं असतील तर त्यांच्याकडंही जा. होन्नाटात, म्हणजे देवीला नाचवत नेताना, भंडारा सगळ्यांच्याच अंगावर पडतो, स्मरणिकेत मात्र त्यांची नावं फक्त जाहिरातीच्या पानावर. हे मला कधीच पटलं नाही.

सीमदेव:
हक्कांचं छापू नको रे बाबा. आमच्या शेजारच्या गावात दोन भावकींची त्यावरून जुंपली. छापलेल्या स्मरणिकेचे गठ्ठे कमिटीच्या खोलीत पडून, उंदरांनी खाल्ले.

जुना मास्तर:
छापायचं की. दोन्ही भावकींचं म्हणणं शेजारी शेजारी घाल आणि प्रेसला द्यायच्या आधी दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखव. आमच्यात एकानं ऐकता ऐकता तिसराच हक्कदार सांगितला. त्याचंही घातलं.

मार्कंडेयकाठ:
सगळ्यांचे आभार. गावी फोन केला. वही चुलत्यांकडंच निघाली, पण ते दाखवायला तयार नाहीत. आई म्हणते, थकलेल्या पट्टीत आमच्या आजोबांचं नाव आहे. रविवारी गावी येतोय. बेळगावात मोडी वाचणारं कुणी ठाऊक असेल तर मास्तर, तेवढं कळवा.